पट्टेवालीची टाकी: घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑगस्ट २०२४

९ मार्च, शनिवार. एडिसन, न्यू जर्सी

आज सकाळी नेवार्कच्या कार्गोमधून लाईव्ह रॉकची, म्हणजे जीव वसलेल्या समुद्री दगडाची, पेटी आणली. फ्लोरिडाचा, मेक्सिकोच्या आखातातला, ४० पाउंड. फ्लोरिडात समुद्रातला नैसर्गिक दगड काढायला बंदी आहे म्हणून तिथले लोक खाणीतला दगड समुद्राच्या तळाच्या भाड्याच्या पट्ट्यात टाकून ठेवतात आणि काही वर्षांनी त्यावर जीव वसले की वर काढून विकतात, त्यातलाच हा. पाण्यातच बुडवून पाठवलेला त्यामुळे जवळजवळ सगळंच जिवंत आलंय. लाल-केशरी स्पंज, बार्नॅकल, दगडाला चिकटलेल्या काटेरी शिंपल्या, पारदर्शक पिशव्यांसारखे ट्युनिकेट. लेक तासभर भिंगातून बघत बसली होती.

मोठा टँक ७५ गॅलनचा म्हणजे साधारण २८४ लिटर. क्षारता ३५, तापमान २५.५. दगड बादलीत दोन तास ठेवून मग लावला, दोन खेकडे निघाले ते लगेच बाजूला केले. कवचवाल्या गोष्टींकडे नीट लक्ष दिलं नाही, घाई झाली.

१६ मार्च, शनिवार

तीन ॲस्ट्रिया मेल्या, शेवाळ खाणारे माझे छोटे शंख. शंख अख्खे, कुठे चीर नाही की टवका नाही, आतून अगदी धुतल्यासारखे साफ, आणि एकीचं झाकण शेजारीच वाळूत पडलेलं. ॲस्ट्रिया उताणी पडली की तिला स्वतःहून सरळ होता येत नाही हे माहितीये, म्हणून आधी वाटलं तसंच काहीतरी झालं असेल, पण तीन तीन एका आठवड्यात?

माझा संशय हर्मिट खेकड्यांवर. त्यांना राहायला शंख हवा असतो आणि त्यासाठी ते मालकाला मारतात हे मी आधी पाहिलेलं आहे. चार हर्मिट पकडून खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, टाकले.

२३ मार्च, शनिवार

हर्मिट सम्पमध्ये आहेत आणि वर आणखी दोन ॲस्ट्रिया गेल्या, शिवाय दगडावरची एक काटेरी शिंपली आ वासून रिकामी. म्हणजे हर्मिट नव्हेत, उगीच त्यांना आठवडाभर अंधारात ठेवलं. आज परत वर आणले.

आता रात्री बघायला हवं.

२७ मार्च, बुधवार (खरं म्हणजे मंगळवारची रात्र)

रात्री १ वाजून ४० मिनिटांनी सापडली.

टॉर्चला लाल जिलेटीन लावून बसले होते, लाल उजेडाला हे प्राणी फारसे बिचकत नाहीत. साडेबारापर्यंत काहीच नाही, नासारियस, वाळूत राहणारे छोटे शंख, तेवढे वास घ्यायच्या नळ्या वर काढून होते. मग उजव्या कोपऱ्यातल्या दगडाखालून आधी एक लांब नळी आली, इकडून तिकडे हलत, वास घेत, आणि तिच्यामागे शंख. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, राखाडी-मलईच्या रंगावर ढगांसारखे डाग, आणि त्या डागांवरून पट्टीने आखल्यासारख्या बारीक गडद रेघा. मी श्वास रोखून बघतच राहिले. इतकी देखणी गोष्ट माझ्या टँकमध्ये तीन आठवडे होती आणि मी खेकड्यांना शिक्षा करत होते.

हाताने उचलली तर आत जाऊन शिंगासारखं जाड तपकिरी झाकण घट्ट लावून घेतलं. ४६ मिलिमीटर भरली. (उचलायच्या आधी शंख नीट बघून घेतला होता, अनोळखी शंख उघड्या हाताने उचलू नये. कोन शंख असेल तर त्याचा दात म्हणजे विषारी भाला असतो आणि त्यातल्या कोनस जिओग्राफस जातीने माणसं मेलेली आहेत. कोनचा आकार मात्र अगदी वेगळा, आइस्क्रीमच्या कोनसारखा, रुंद भाग वर.)

ही ट्युलिप शंखांपैकी आहे. आखातात दोन नेहमी भेटतात. खरी ट्युलिप म्हणजे फॅसिओलारिया ट्युलिपा, ती वीस सेंटीमीटरच्या वर जाते आणि तिच्यावर रेघा पुष्कळ, जवळजवळ आणि तुटक असतात, शिवाय वेढ्यांच्या सांध्याखाली बोटाला लागतील अशा बारीक खोबण्या असतात. दुसरी पट्टेवाली, बँडेड ट्युलिप, सिंक्च्युरा. तिच्या रेघा मोजक्या, लांब लांब, सलग, आणि सांध्याखाली गुळगुळीत. माझी गुळगुळीत आहे, मोठ्या वेढ्यावर सहा रेघा मोजल्या. म्हणजे पट्टेवाली. हे कळल्यावर जरा हायसं वाटलं कारण ही दहा सेंटीमीटरच्या आसपास थांबते, घरात सांभाळता येईल.

रात्रीपुरती जाळीच्या डब्यात ठेवलीय.

२९ मार्च, शुक्रवार

आता हिचं काय करायचं. हौशी मंडळींचे सल्ले दोनच प्रकारचे, एक तर सम्पमध्ये टाकून दे नाहीतर फ्रीझरमध्ये घाल. पहिलं म्हणजे उपासमार आणि दुसरं मला जमणार नाही. समुद्रात सोडणं तर विचारातच घेऊ नये, आपली न्यू जर्सीची किनारपट्टी हिचं घर नाही (हिचा पट्टा नॉर्थ कॅरोलिनापासून खाली फ्लोरिडा आणि आखात) आणि टँकमधलं काहीही समुद्रात सोडायचं नसतं. इथला ऑयस्टर ड्रिल हा छोटा शंख अमेरिकन कालवांबरोबर इंग्लंडला गेला आणि तिथल्या कालवांच्या मुळावर उठला. उलट बाजूने पूर्वेकडचा रापाना शंख १९९८ मध्ये चेसापीक बेमध्ये सापडला, तो हटलेला नाही.

मला सारखं वाटतंय की हिने चूक काहीच केलेली नाही. शंख खाणं हेच तिचं जेवण. आपण दुकानात "क्लीनअप क्रू" म्हणून टँक साफ ठेवायला जे प्राणी विकत घेतो त्यात शेवाळ खाणारे तेवढे चांगले आणि मांस खाणारे वाईट अशी वाटणी करून टाकलेली आहे, पण नासारियस पण मेलेलं मांसच खातात की. म्हणून ठरलं, हिला वेगळी टाकी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला बेसमेंटमध्ये ठेव, जिन्याखाली जागा आहे. बस.

५ एप्रिल, शुक्रवार

२० गॅलन लाँग, जुना घेतलाय. जुना टँक म्हणजे आधी कॉपर टेस्ट, कारण आधीच्या मालकाने माशांच्या रोगासाठी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते सिलिकॉनमध्ये नि दगडात राहतं आणि शंख-खेकड्यांना थोडंसं तांबंही मारतं. मीठपाणी भरून दोन दिवस ठेवलं, टेस्ट शून्य. मग वाळू ५ सेंटीमीटर, कारण ही पोट भरलं की पुरून घेते, मोठ्या टँकमधलेच दोन दगड, मागे टांगायचा साधा फिल्टर आणि पाणी खेळवायला एक छोटा पॉवरहेड पंप. फेसावाटे मळ काढणारा स्किमर नाही.

पाणी भरत असतानाच १० वाजून २३ मिनिटांनी भूकंप. ४.८ चा, केंद्र इथून जवळच, न्यू जर्सीतच. आधी वाटलं वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन नाचतंय, मग टाकीतलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला हेलकावे घ्यायला लागलं आणि मी वेड्यासारखे दोन्ही हात काचेवर दाबून धरले. वर धावले तर मोठ्या टँकच्या कडेवरून वाटीभर पाणी सांडलेलं, बाकी सगळं जागेवर. नासारियस मात्र सगळेच्या सगळे वाळूवर, भर दिवसा, खायला न घालता. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी पट्टेवालीचा गृहप्रवेश. तापमान २३.५, क्षारता ३५, अमोनिया शून्य. थेंब थेंब पाणी बदलत दीड तास लावला. सोडल्यावर पाचएक मिनिटं गप्प, मग नळी बाहेर, मग डोळे, मग पूर्ण टाकीला एक फेरी आणि थेट वाळूत गडप.

१३ एप्रिल, शनिवार

पहिलं जेवण. सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवरून जिवंत मसल्सची, म्हणजे काळ्या शिंपल्यांची, पिशवी. एक घासून धुऊन रात्री ९ ला वाळूवर ठेवला.

९:१० ला वाळू हलली. ९:१४ ला ती मसलला टेकली. तिला घाई अशी नाहीच. पूर्ण पायाने मसलला कवेत घेतलं आणि बसली. मला वाटत होतं भोक पाडेल, पण ट्युलिप भोक पाडत नाही, ती धरून ठेवते, शिंपल्या उघडायची वाट बघते, फट दिसली की स्वतःच्या शंखाची कड फटीत येईल अशी बसते आणि मग सोंड आत. सोंड म्हणजे खरोखरच सोंड, शंखाच्या लांबीइतकी तरी बाहेर आलेली दिसली. मी ११ पर्यंत बसले, मसल बंदच. सकाळी सहाला शिंपल्या उघड्या, आत चकचकीत, एक तंतूही नाही.

२८ एप्रिल, रविवार

हिचं वेळापत्रक कळायला लागलंय. एक मसल खाल्ला की पाच ते सहा दिवस वाळूत, मग एक दिवस फिरणं, मग भूक. मोठ्या टँकमध्ये ॲस्ट्रिया याहून भरभर गेल्या होत्या, दोन आठवड्यांत पाच.

एक चूक झाली ती लिहून ठेवते. गेल्या सोमवारी ती पुरलेली असतानाच मी मसल टाकला, म्हटलं बाहेर येईल तेव्हा खाईल. आली नाही. मसल मेला, कुजला, बुधवारी पाणी दुधासारखं आणि अमोनिया ०.५. तिने काचेवर चढून पाण्याच्या रेषेला नळी लावलेली, ते बघून पोटात कालवलं. अर्धं पाणी तेव्हाच बदललं, गुरुवारी परत पाव, शुक्रवारी शून्य. आता नियम: ती वर फिरताना दिसल्याशिवाय जेवण टाकायचं नाही, आणि सकाळी सात वाजता उरलेलं बाहेर, मग ती त्यावर बसलेली असली तरी.

११ मे, शनिवार

थोडं मोठ्या टँकबद्दल. तिथे बंबलबी शंख सहा घेतलेत, एंजिना मेंडिकारिया, दीड सेंटीमीटरचे, काळ्यावर पिवळे पट्टे, लेकीला फार आवडले. हे पण मांसाहारीच पण यांचं भक्ष्य बारीक, मुख्यतः किडे. कोणी म्हणतं हे दगडावरचे व्हर्मेटिड, म्हणजे नळीत बसून चिकट जाळं सोडणारे शंख, ते खातात. मी एका दगडावरच्या ३१ नळ्या पेन्सिलने नकाशा काढून मोजल्यात. पाच आठवडे झाले, ३१ च्या ३१ जाळी सोडतायत. ब्रिसल वर्म, म्हणजे दगडातले केसाळ किडे, कमी झाले असं मात्र वाटतंय. व्हर्मेटिडसाठी मी परत नळीच्या तोंडावर ग्लूचा थेंब लावायला लागलेय.

नवा शंख घेताना मी आता तोंडाकडे बघते. तोंडाची कड गोल सलग असेल, टर्बो किंवा ट्रोकससारखी, तर बहुतेक शेवाळ खाणारा. पुढच्या टोकाला नळीसाठी खाच किंवा पन्हळ असेल तर सावध. अपवाद आहेतच, सेरिथ या छोट्या लांबट शंखाला खाच असून ती शेवाळ खाते, स्ट्रॉम्बस शंखसुद्धा. पण दुकानातल्या डब्यात वीस सारख्या शंखांमध्ये एकाच्याच तोंडाला पन्हळ दिसली तर तो नक्की वेगळा.

१ जून, शनिवार

बाबा आलेत देवगडहून, सहा महिन्यांसाठी. जेटलॅगमुळे रात्री दोनला उठून बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून बसतात, मला नोंदींसाठी बरंच झालं. चष्मा लावून वहीत वेळ लिहून ठेवतात, "२:२० नळी भायर. २:४५ दगडार."

दुसरी गोष्ट, त्याच फ्लोरिडाच्या दगडावर मला अजून एक पाहुणा सापडला. २२ मिलिमीटरचा खडबडीत राखाडी शंख, म्युरेक्सच्या कुळातला, ऑयस्टर ड्रिलांचा भाऊबंद. दुसरी टाकी आता शक्य नाही म्हणून पट्टेवालीच्या टाकीतच प्लास्टिकच्या जाळीचा आडोसा करून एका बाजूला ठेवलाय.

१५ जून, शनिवार

या खडबड्याने आमचा अख्खा आठवडा घेतला. रविवारी रात्री मसलवर चढला आणि बुधवारी दुपारपर्यंत तिथून हललाच नाही. सोमवारी मी मसलसकट उचलून बघायचा मोह आवरला. बुधवारी उतरला, मसल अर्धवट उघडा आणि शिंपल्यावर एक भोक, सुईने पाडल्यासारखं गोल, एक मिलिमीटरभर.

हे कसं करतात ते फार विलक्षण आहे. पायाच्या तळव्यात एक छोटा अवयव असतो, तो भोकाच्या जागी दाबून धरतात, त्यातला आम्ल आणि एन्झाइमचा रस कवच मऊ करतो, मग तो अवयव बाजूला घेऊन दातांच्या पट्टीने मऊ झालेलं खरवडायचं, मग परत रस, परत खरवड. तासन् तास, दिवस न् दिवस. मेलबर्न कॅरिकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ड्रिलांचं हे तंत्र वर्षानुवर्षं अभ्यासलं.

शिंपला धुऊन बाबांच्या हातात दिला. त्यांनी उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असले भोकाचे शिंपले आमच्या दर्यार कितकेव गावतत गो. तुका आजयेन माळ ओवून दिल्लेली, इसारलंस?"

विसरले नव्हते. माळ तुटली पण शिंपल्या माझ्याकडे आहेत, बिस्किटाच्या डब्यात, लग्नानंतर देवगडहून आणलेल्या. सगळ्या तिसऱ्या म्हणतात त्या खायच्या शिंपल्यांच्या, सगळ्यांना भोक बिजागरीच्या जवळ, म्हणून तर त्या माळेत सारख्या लोंबायच्या. लहानपणी वाटायचं समुद्रच पाडतो भोकं, घासून घासून. टेबलावर पसरून भिंगाखाली मसलच्या शेजारी ठेवल्या. फरक लगेच दिसतो. मसलचं भोक सरळ, विहिरीसारखं, वरून खालपर्यंत एकाच रुंदीचं. तिसऱ्यांची भोकं बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेली, नरसाळ्यासारखी. ते मून स्नेल या शंखाचं काम, नॅटिसिडी कुळाचं. तो वाळूच्या आत फिरतो, तिसरीला पायात गुंडाळतो आणि तिथेच, वाळूखालीच, भोक पाडतो, त्यामुळे आपल्याला कधी दिसत नाही. गुंडाळून धरायची त्याची पद्धत ठरलेली म्हणून भोकाची जागाही ठरलेली.

सव्वीस शिंपल्या होत्या, तेवीसांची भोकं नरसाळ्यासारखी, दोन तुटक्या, आणि एकीचं भोक अर्धवट, आरपार न गेलेलं. ती तिसरी त्या वेळी तरी वाचली. आजीने ती माळेत कशी ओवली असेल? बाबांनी नीट बघून सांगितलं, तिला दुसरं भोक आहे, बारीक, दाभणाचं. आजीनेच पाडलेलं.

१४ जुलै, रविवार

खडबड्या गेला.

आडोशाच्या जाळीची खालची कड वाळूत पुरेशी खोल नव्हती. पट्टेवाली खालून गेली. बाबांची वही: "१:५० पट्टेवाली जाळयेच्या पलयाड. उठवचा काय?" त्यांनी मला उठवलं नाही कारण मी दिवसभर दमले होते. सकाळी ती त्याच्या अंगावर, सोंड आत, त्याचं झाकण वाळूत पडलेलं. मार्चमध्ये ॲस्ट्रियाचं पडलं होतं तसंच.

मला खूप वाईट वाटलं, बाबांना माझ्याहून जास्त. दुपारी जेवले पण नाहीत नीट. मी त्यांना सांगितलं की आखातातसुद्धा ट्युलिप अशा ड्रिलांना खाते, चूक जाळीची आहे म्हणजे माझी आहे. जे शिंपलं पोखरायला त्याला तीन दिवस लागायचे तसलं काही करायची हिला गरजच पडत नाही, त्याचं स्वतःचं दार उघडलं की झालं. शिकार करणारे दोन शंख एका टाकीत ठेवायचे नाहीत, मध्ये जाळी असो नाहीतर काच असो. हे मला आधी माहीत होतं आणि जागा नाही म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं.

शंख रिकामा झाल्यावर धुऊन बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

१० ऑगस्ट, शनिवार

माप घेतलं: ५३ मिलिमीटर. साडेचार महिन्यांत ७ मिलिमीटर वाढ. शंखाच्या ओठाला नवीन भाग आलाय तो जुन्यापेक्षा पातळ आणि फिका, पण रेघा अगदी तिथून पुढे सलग चालू झाल्यात, एकही तुटलेली नाही.

पाणी: क्षारता ३५, तापमान २४, नायट्रेट २० च्या आसपास. दर आठवड्याला १५ लिटर बदलते.

फक्त मसल नको म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तीन सेरिथ टाकल्या होत्या. जिवंत शंख खायला घालावे की नाही यावर आमच्या घरात बरंच बोलणं झालं. लेक नको म्हणते. मला वाटतं तिला पाठलाग करायला मिळायला हवा, नुसतं बशीत वाढलेलं खाणं म्हणजे तिचं अर्धं अंग वापरलंच जात नाही, आणि पाठलागाच्या रात्री ती टाकीभर फिरते हे वहीत स्पष्ट दिसतं. तरी यापुढे महिन्याला एकच, असं ठरलं.

तीनपैकी दोन पहिल्या दहा दिवसांत संपल्या. तिसरी संध्याकाळी सात वाजले की काच चढायला लागते, पट्टेवाली वाळूत असो वा बाहेर, आणि पाण्याच्या रेषेच्या दोन बोटं वर जाऊन फिल्टरच्या तोंडाशी, जिथे शिंतोडे उडतात तिथे रात्रभर चिकटून राहते. सकाळी खाली. एकवीस रात्री. पट्टेवाली चार वेळा पाण्याच्या रेषेपर्यंत आली आणि तिथून मागे फिरली, चारही वेळा बाबांनी लिहून ठेवल्यात.

आज बाबा म्हणाले, "तेका वर घेऊन जा गो आता." वर म्हणजे मोठ्या टँकमध्ये. सेरिथ काचेवरून हळूच सोडवली, वाटीत घेतली, जिना चढून वर नेली, डाव्या कोपऱ्यात वाळूवर ठेवली. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि ती पुन्हा काच चढून पाण्याच्या वर जाऊन बसलीय.